हात पोचेल तिथं

दुपारी तीनला तो आला,
सोरेगावच्या कॅम्पातला, रेवणसिद्ध हत्तुरे नावाचा,
जाड जॅकेट खांद्यावर टाकून, घोंगडी टाकावी तसं.
"उद्या गडचिरोलीला निघायचंय ताई,
एवढी औषधाची पिशवी लावून द्या की ओ."

आमचा कारखाना शाळेच्या गणवेशांचा.
मे महिन्यात मान वर करायला सवड नसते.
चौदा मशिनी, एक कूलर,
तोही मालकाच्या खुर्चीकडं तोंड करून.
मी जन्मभर खिसे शिवले ते पेन्सिलीसाठी,
शेंगदाण्यांसाठी,
रुमाल हरवू नये म्हणून.

"कुठं लावू?" मी विचारलं,
आणि तो गप्पच झाला.

छातीवर म्हणावं तर तिथं काडतुसांचे खण,
पालथं पडलं की टेकाड बरगडीत रुततं.
मांडीला बांधली तर पळताना नाचते.
एकदा बांधली होती, म्हणाला,
बाभळीच्या झुडपानं धरून ठेवलं
लग्नात भेटलेल्या पाव्हण्यासारखं.
मागं कमरेला लावली तर गाडीत बसवत नाही,
आणि उताणा पडलो तर तीच माझ्याखाली.

हे शेवटचं तो माझ्याकडं न बघता बोलला.
"म्हाळप्पाची मागंच होती."
एवढंच.
मी मशीनचा पाय वर केला, खाली केला,
दोरा होताच ओवलेला.

आमच्याकडंही एक पेटी आहे.
बालाजीच्या फोटोशेजारी, उंच, लाल फुलीची,
तपासायला साहेब येतो म्हणून टांगलेली.
श्यामला वडनालच्या बोटातून सुई आरपार गेली
त्या दिवशी पेटीला कुलूप,
किल्ली मालकाच्या कमरेला,
मालक अक्कलकोटला लग्नात.
तिचं बोट आम्ही चौथीच्या एका बाहीनं बांधलं.

म्हणून त्याला म्हटलं, झोप.
"कुठं?"
"इथंच, कतरणांवर. डोळे मीट.
उजवा हात नाही असं समज."

एवढा दांडगा गडी
निळ्या-पांढऱ्या चिंध्यांत आडवा झाला.
पोरी तोंडावर हात धरून हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
त्याचा डावा हात चाचपडत पोटावरून फिरला.
बोटं दमली तिथं मी खडूनं रेघ मारली.
"आता डावा नाही."
पुन्हा रेघ.
दोन्ही रेघा मिळेनात, चार बोटांचं अंतर.
तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.
शेवटी बेंबीच्या खाली, पट्ट्याच्या बरोब्बर पुढं,
बसताना थोडी टोचेल, म्हणाला, टोचू दे.

मग तसाच पडून, डोळे मिटलेलेच,
"पण उघडणार दुसराच कुणी.
ज्याची पिशवी त्याच्यासाठीच, असा नियम आहे.
माझं रक्त थांबवायला कुणी आपली सोडायची नाही,
माझीच शोधायची.
अंधारात, हात कापत असताना.
म्हणून सगळ्यांची एकाच जागी पाहिजे."

"मग सगळ्यांची कुठं आहे?"

तो उठून बसला, केसातले दोरे झटकले.
"आजपासून इथं.
बाहेर गाडीत अजून सतरा जॅकेटं आहेत."

मालक ओरडला, जूनची ऑर्डर कोण पुरी करणार म्हणून.
कुणी उत्तर दिलं नाही.
श्यामलानं तेवढं नाडं आवळावं तसं तोंड केलं
आणि अठरा नंबरची सुई बसवली.

आम्हाला टाका पक्का घालायचं कसब.
पोरगं भिंतीवरून उडी मारतं, खिसा टिकला पाहिजे.
ही पिशवी मात्र झुडपातून सरपटताना सुटायची नाही,
आणि एका हिसक्यात सुटली पाहिजे.
असा टाका मला कुणी शिकवला नव्हता.
तीन उसवले. चौथा साधला.
ओढायला वर लाल शेपटी ठेवली,
शाळेच्या लाल गटाची पट्टी उरली होती ती.

रात्री पावणेबाराला गाडी गेली.
पैसे मालकानं मोजून घेतले.

सकाळी मी स्टुलावर चढून पेटी उतरवली,
कात्रीच्या टोकानं कडी उचकटली.
आत निघालं, वाळलेलं मलम,
दोन पावतीबुकं, कुणाची तरी लग्नपत्रिका.

कापूस, पट्ट्या, चिकटपट्टी नवी आणली.
आता पेटी मशीनच्या पायाशी बांधलीय.
येता-जाता गुडघ्याला लागते.
लागू दे.